गावची बातमी कोण देणार?



आपल्या आसेगावचं नाव पेपरात केव्हा येतं? वाढदिवस, सत्कार, नाहीतर अपघात. पाणीपुरवठ्यावर खर्च किती झाला, ग्रामसभेत कोणता ठराव झाला, हे क्वचितच. दोष वार्ताहराचाच नाही. खेड्यातला वार्ताहर बरेचदा पेपरची एजन्सीही सांभाळतो, जाहिरातीही गोळा करतो. आणि जाहिरात देणारे गावचेच पुढारी. त्यांच्याविरुद्ध त्याने एकट्याने लिहावं, ही अपेक्षा आपली!

खेड्यातून पत्र चालत नाही, असं मात्र नाही. मुकुंदराव पाटलांनी 1910 साली ‘दीनमित्र’ सुरू केलं आणि पुढे नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून ते अर्धशतकाहून जास्त चालवलं. सावकारी आणि जातिभेदावर लिहीत राहिले.

आज तर छापखानाही लागत नाही. वर्षात किमान चार ग्रामसभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे चाळीस जणांनी बसून हिशेब विचारला, तर वार्ताहराला फक्त सभेत काय झालं तेवढंच लिहायचं असतं. रोष त्याच्या एकट्यावर येत नाही. ठरावाची नक्कल कुणी देत नसेल तर माहिती अधिकार आहे. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस.

आपल्या ग्रुपवर रोज सुप्रभात येतं, त्यात ग्रामसभेची नोटीसही येऊ द्या. आणि आज जमलोच आहोत, तर जेवण झाल्यावर मागच्या सभेच्या इतिवृत्तासाठी अर्ज लिहूनच उठू. कोरे कागद मी आणलेत. सही एकाचीच लागते, ती माझी राहील.