मासळी मोजली, माणसं मोजली?

पापलेटचा भाव आपण विचारतो.
त्यातलं मच्छीमाराच्या हाती किती पडतं?
हेही संशोधक मोजतात.

कोचीची केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था
बंदरावर उतरलेली मासळी मोजते.
शिवाय, माणसंही मोजते.
2010 साली अशी गणना झाली.
घरोघरी विचारलं…
होडी कोणाची?
घरात कोण काय काम करतं?

मासळी विकणाऱ्यांत बायकाच जास्त दिसल्या.
कोळीवाड्याला यात नवल ते काय!
पण योजना आखणारे आकडे बघतात.

बंदीचा काळच घ्या.
जून-जुलैत महाराष्ट्रात यांत्रिक होड्या बंद.
होडी थांबली,
की कोळणीची पाटीही रिकामी.
म्हणून सांगते…
मासळीबरोबर माणसं मोजायची.

पुढच्या गणनेला कोणी दारी आलं,
तर घरातल्या बाईचं कामही
लिहून घ्यायला सांगा.