निकालाच्या आधीचे महिने

महाडकरांना विंचूदंशाची गोष्ट नव्याने सांगायला नको. १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा गंभीर विंचूदंशाचे शंभरातले चाळीसएक रुग्ण दगावत. पुढे प्राझोसिन या औषधाने ते प्रमाण शंभरात एकापर्यंत खाली आले. मात्र रुग्ण वेळेत पोहोचावा लागे. नशिबावर सोडलेला मृत्यू टळू शकतो, हे या तालुक्याने पाहिले आहे. तरुण मुलांच्या आत्महत्येबद्दल मात्र आपण अजून एका ओळीत बोलतो. नापास झाला म्हणून. मोबाइल दिला नाही म्हणून.

ही ओळ बहुधा अपुरी असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली देशात सर्व वयांच्या १,७०,९२४ आत्महत्या नोंदवल्या. त्यांत परीक्षेतले अपयश शेकडा सव्वाच्या आसपास, तर कौटुंबिक समस्या शेकडा एकतीसहून अधिक. परीक्षेचा आकडा अर्थात तरुणांपुरताच. शिवाय तक्त्यात एका माणसापुढे एकच कारण लिहिले जाते. मनात ती एकावर एक चढलेली असतात.

पोलादपूरच्या एखाद्या वाडीतले घर डोळ्यांपुढे आणा. वडील मुंबईला नोकरीवर. येणार गणपतीला आणि शिमग्याला. मुलगा दहावीनंतर महाडला कॉलेजात, किंवा मुंबईत काकांच्या खोलीत. मराठी शाळेतून एकदम इंग्रजीतले सायन्स. वर्गात बोलीवरून हसतात. घरच्यांनी कर्ज काढले आहे, हे त्याला माहीत आहे. वडील फोनवर विचारतात, "अभ्यास चाललाय ना?" तो म्हणतो, "हो." संभाषण संपले! निकाल लागतो तो यानंतर कितीतरी महिन्यांनी.

कुठे घरात दारू आणि मारहाण असते, कुठे मुलीचे लग्न तिला न विचारता ठरते, कुठे जातीवरून टोमणे. नैराश्य हा आजार असतो, आणि त्याला आपण आळस म्हणतो. २२ जुलै २०२१ ला तळिये, केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड कोसळली. तेव्हा लहान असलेली मुले आज कॉलेजच्या वयात आहेत. मोठ्या पावसात ती जागी राहत असतील, तर त्यांना भित्रे म्हणू नये.

पूर्वी एकदा प्रयत्न झालेला असेल, तर धोका सर्वांत मोठा. नेमके तेच पोलिसांच्या आणि गावाच्या भीतीने लपवले जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरतात. तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे असतात.

मुलगा गप्प झाला, जेवण-झोप बिघडली, आवडत्या वस्तू वाटू लागला, "माझा सगळ्यांना त्रासच" असे बोलू लागला, तर सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "हो" आले तर त्याला एकटे सोडू नका, रागावू नका, शेतीची औषधे कुलपात ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. अलिबागचे जिल्हा रुग्णालय इथून शंभरएक किलोमीटर. तोवर १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत क्रमांक लावा. तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ आहे.

आणि मुंबईहून फोन करणाऱ्या वडिलांना एक सांगणे. अभ्यासाचे विचारून झाले की लगेच फोन ठेवू नका. "झोप लागते का रे? कुणाशी बोलतोस तिथे?" एवढे विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा.