आठवीतली मॉनिटर
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



"तू नक्की करतेस काय?" हा प्रश्न सकाळपासून मला सहा जणांनी विचारला. आठवीत जे करत होते तेच करते. मॉनिटरगिरी. तेव्हा बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचे, आता जो गप्प बसतो त्याच्यावर जास्त लक्ष ठेवते. ते का, ते सांगते.

ऑफिसातल्या सगळ्या संगणकांचं इंटरनेट एका पेटीतून जातं. तिला फायरवॉल म्हणतात. मी बरीच वर्षं सिस्कोच्या एएसए या पेट्यांवर काम केलं. आपल्या फाटकावरचे शिपाईकाका आठवा. कोण आलं, कुठून आलं, कुठे जायचंय, एवढं ते बघत. दप्तर उघडत नसत. फायरवॉलचं मूळ काम साधारण तेवढंच. दप्तर उघडणारा वेगळा. तो म्हणजे त्याच पेटीत, तिच्या एसएसडी डिस्कवर राहणारं एक सॉफ्टवेअर मॉड्यूल. त्याचं नाव फायरपॉवर, पण कमांडमध्ये लिहायचं 'एसएफआर'. ते सोर्सफायरचं लघुरूप. ही कंपनी सिस्कोने २०१३ साली विकत घेतली. सासरी आल्यावरही माहेरचं नाव टिकवलंय, म्हणून मला ते मॉड्यूल आवडतं.

घर एक असलं तरी त्याची चूल वेगळी. स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम, स्वतःचा आयपी पत्ता. त्यामुळे पेटी ठणठणीत आणि मॉड्यूल आडवं, असं होऊ शकतं. मग तपासणीला आलेल्या दप्तरांचं काय करायचं, ते आधीच एका शब्दात लिहून ठेवावं लागतं. 'फेल-क्लोज' लिहिलं तर फाटक बंद. 'फेल-ओपन' लिहिलं तर न तपासता आत.

एका छोट्या रुग्णालयात तो शब्द मी लिहिला. ओपन. पेशंटचे रिपोर्ट अडकायला नकोत, हा विचार. तो मला आजही चुकीचा वाटत नाही. एके दिवशी वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपत आलेली होती, पेटी धाडकन बंद पडली. वीज आल्यावर पेटी उठली, मॉड्यूल उठलं नाही. कुणाचीही तक्रार नाही. इंटरनेट चालू होतं, उलट जरा वेगातच. बिघाडाची सूचना मेलने जात होती, पण नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर. तो पत्ता बदलायचं काम माझं होतं.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी बिलिंगच्या काउंटरवर मेलमधली एक फाइल उघडली गेली आणि त्या संगणकावरचं सगळं कुलूपबंद झालं. तिथल्या मुलीने नेटवर्कची वायर उपटली म्हणून बाकीचे वाचले. मॉड्यूल चालू असतं तर ती फाइल अडली असती का? छातीठोकपणे नाही सांगता येत. पण फाटकावर दप्तर बघायला कुणी नव्हतं, हे खरं.

तिथे पोचून 'शो मॉड्यूल' टाइप केलं. पेटीपुढे सगळं ठीक, एसएफआरपुढे 'अनरिस्पॉन्सिव्ह'. रीसेट करून पाहिलं, ढिम्म. मग रिकव्हर. म्हणजे जुनं पुसून आधी बूट इमेज, तिच्यावर मूळ पॅकेज, मग सगळे नियम पुन्हा. रात्रीचे दोन वाजले. बिलिंगचं इंटरनेट आम्ही बंदच ठेवलं होतं. लॅबचे रिपोर्ट मात्र जात राहिले, ते त्या 'ओपन'मुळेच.

तेव्हापासून नुसत्या 'अप'वर मी विसंबत नाही. 'शो सर्व्हिस-पॉलिसी एसएफआर' ही दुसरी कमांड देते. मॉड्यूलकडे किती पॅकेट गेली, किती परत आली, ते आकडे तीत दिसतात. दोन मिनिटांनी पुन्हा बघायचं. आकडा हलला नाही तर विद्यार्थी वर्गात हजर, पण पाटी कोरी. बहुतेक वेळा कुणीतरी नियम आवरताना मॉड्यूलकडे जाणारी वाटच पुसलेली असते. आणि पेटी बंद करायची असेल तर आधी मॉड्यूलला 'शटडाउन' सांगायचं. थेट बटण दाबायचं नाही.

ओपन की क्लोज, हे आता मी एकटी ठरवत नाही. लेखी विचारते. त्या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी दोन दिवस घेतले आणि उत्तर पाठवलं, लॅब ओपन, बिलिंग क्लोज. दोन वेगळे नियम लिहिता येतात, तसे लिहून दिले. सूचनेची मेल आता तिघांना जाते. त्यातली एक ती वायर उपटणारी मुलगी आहे.

जेवणाची हाक आलेली दिसते. थांबते.