देसाई : एक आडनाव, अनेक वारस

(मठाच्या वर्धापन-महोत्सवात हिंडलगा येथे झालेले व्याख्यान)



कोणत्याही मठाच्या दप्तरात शिष्यांच्या याद्या असतात, देणगीदारांच्या नोंदी असतात, पूजाअर्चेसाठी नेमून दिलेल्या उत्पन्नाचे कागद असतात. आपल्या या बेळगाव-निपाणी भागातील अशा यादीवरून बोट फिरवीत गेले, की एक आडनाव पुनःपुन्हा आढळते. ते म्हणजे देसाई. वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच येते, की ही सारी मंडळी एकाच मूळपुरुषाची संतती असावी. जुन्या कागदपत्रांपुढे हा समज टिकत नाही. आणि तो टिकत नाही यातच आपण घेण्यासारखे पुष्कळ आहे. तोच विचार आज आपणापुढे मांडावयाचा आहे.

देसाई हे मुळात कुळाचे नाव नव्हे, कामाचे नाव आहे. परगण्याच्या वंशपरंपरागत अधिकाऱ्याला देशावर देशमुख म्हणत; कर्नाटक, कोकण आणि गुजरात या प्रांतांत त्यालाच देसाई म्हणत. पडीक जमीन लागवडीस आणावी, रयतेला गावी टिकवावे, सरकारचा वसूल गोळा करून द्यावा, हे त्याचे काम. त्याच्या जोडीला हिशेब ठेवणारा देशपांडे असे. या सेवेबद्दल देसायाला हक्क आणि इनाम जमिनी मिळत. विजापूरची आदिलशाही गेली, मोगल आले, मराठे आले, पुढे कंपनी सरकार आले. वरची सत्ता बदलली तरी परगण्यातील माहिती ज्याच्यापाशी, त्याच्यावाचून कोणाचेच चालत नसे. म्हणून लिंगायत, मराठे, ब्राह्मण, सारस्वत अशा निरनिराळ्या समाजांत देसाई झाले. त्यांचे रक्त एक नव्हते. त्यांच्या हातातील सनद एकाच जातीची होती, एवढेच.

आता कागदांतील काही माणसे पाहू. प्रथम निपाणी. सिद्धोजीराव हे जन्माने नाईक निंबाळकर. परंतु पेशवाईच्या अखेरच्या काळातील पत्रव्यवहारात ते आप्पा देसाई निपाणकर म्हणून ओळखले जातात. १८०३च्या युद्धातील जनरल वेलस्ली याच्या पत्रांतही ते देसाई म्हणूनच येतात, आणि इंग्रज कारकुनाने ते नाव आपल्या कानाला पटेल तसे, दोन 'एस' घालून लिहिले आहे. कुळ निंबाळकरांचे, ठाणे निपाणीचे आणि ओळख देसाई या पदाची, अशी तीन नावे एकाच पुरुषाची होत. ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही, तो एका माणसाची तीन माणसे करील, किंवा तीन घराण्यांचे एक घराणे करील. दप्तरात शोध घेणाऱ्याने प्रथम सावध राहावयाचे ते येथे.

दुसरे नाव आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचे. हिंडलग्याहून जवळच असलेले काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मा यांचे माहेर. त्या जन्मानेही देसायांच्या आणि विवाहानेही देसायांच्या. पती मल्लसर्ज देसाई १८१६मध्ये वारले. त्यांच्या मागून गादीवर आलेले शिवलिंगरुद्रसर्ज १८२४च्या सप्टेंबरात निपुत्रिक वारले. मरणापूर्वी दत्तक घेतल्याचे कळविणारे पत्र धारवाडच्या थॅकरे या अधिकाऱ्याकडे गेले. ते पत्र खरोखर मृत देसायाच्या हयातीतले आहे काय, याविषयी त्याने संशय घेतला आणि दत्तकास मान्यता मिळाली नाही. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या किल्ल्यापुढे लढाई होऊन थॅकरे मारला गेला. डिसेंबरात मोठी फौज आली, किल्ला पडला, आणि १८२९मध्ये बैलहोंगल येथे कैदेत राणींचा अंत झाला. एक राज्य एका कागदाच्या खरेपणावर तोलले गेले. कागद कोणाच्या हाती आहे आणि तो कोण वाचतो आहे, यावर माणसांचे प्राण कसे अवलंबून असतात, याचे याहून जळजळीत उदाहरण आपल्या भागात शोधूनही मिळणार नाही.

तिसरे आयुष्य याच जिल्ह्यातील, आणि तेही दत्तकाचेच. शिरसंगीचे लिंगराज देसाई हे १८६१मध्ये शिग्ली गावी दुसऱ्या घराण्यात जन्मले आणि दत्तक होऊन शिरसंगीस आले. कित्तूरला जो वारसा नाकारला गेला, तो येथे मान्य झाला. परंतु या वारसाने काय केले? १९०४मध्ये धारवाडास भरलेल्या वीरशैव महासभेच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि आपली मालमत्ता विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी मृत्युपत्राने लावून दिली. १९०६मध्ये ते वारले. पुढे १९३३मध्ये बेळगावात निघालेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव मिळाले. ज्यांना पोटचे मूल नव्हते, त्यांच्या द्रव्यावर कितीतरी गरिबांची मुले शिकली. वंशावळीत ज्या ठिकाणी रेषा संपते, त्याच ठिकाणी त्यांचे खरे वारस सुरू होतात.

चौथी नोंद आपल्या या गावच्या वेशीपाशी सापडते. ती राजवाड्याची नाही, तुरुंगाची आहे. गांधीजींचे चिटणीस महादेवभाई देसाई हे सुरत जिल्ह्यातील सरस गावचे. गुजरातेतील अनाविलांमध्ये देसाई हे आडनाव वसुलीच्या जुन्या अधिकारावरूनच आलेले. परंतु महादेवभाईंचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९३३मध्ये महादेवभाईंना शिक्षा होऊन बेळगावच्या तुरुंगात, म्हणजे हिंडलग्यास, आणण्यात आले. या कोठडीत त्यांनी गांधीजींच्या गुजराती 'अनासक्तियोग' या गीताभाष्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्याला आपली विस्तृत प्रस्तावना जोडली. १५ ऑगस्ट १९४२ रोजी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात, कैदेतच, त्यांचा देह पडला. ग्रंथ छापून निघाला तो १९४६मध्ये, त्यांच्या पश्चात. ज्या आडनावाचा मूळ अर्थ वसूल गोळा करणारा, त्या आडनावाच्या एका माणसाने हिंडलग्याच्या भिंतींआड बसून फळाची आशा सोडण्याचा उपदेश इंग्रजी वाचकापर्यंत पोहोचविला. आणि त्या श्रमाचे फळ त्याने स्वतः पाहिले नाही.

या नावाची आणखी दोन माणसे सांगतो. अंकोल्याचे दिनकर देसाई (१९०९–१९८२) हे कन्नड कवी. त्यांच्या चौपदी चुटक्या कन्नड घराघरांत म्हटल्या जातात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील कुळांना त्यांनी जमीनदारांविरुद्ध उभे केले, आणि शाळा-महाविद्यालये चालविणारी संस्था काढली. इकडे चंदगड तालुक्यातील कोवाडचे रणजित देसाई (१९२८–१९९२) हे जमीनदार घराण्यातले. त्यांनी थोरल्या माधवराव पेशव्यांवर 'स्वामी' ही कादंबरी लिहिली आणि १९६४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविला. एकाने जमिनीवरील जुन्या हक्कांशी झगडा केला. दुसऱ्याने त्या जुन्या जगाला शब्दांत जिवंत ठेवले. आडनाव एक, भाषा, वृत्ती आणि वाटा निराळ्या.

मग या नावात उरले काय? कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर काहीच नाही. १९५०मध्ये मुंबई राज्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा केला आणि १९५१पासून तो अमलात आला. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होते. शतकानुशतके चालत आलेले देसाईपण त्या दिवशी संपले. हक्क गेला, नाव राहिले. म्हणून आज जो कोणी या नावाचा अभिमान धरील, त्याने स्वतःस विचारावे, की मी कशाचा वारस आहे? गेलेल्या हक्काचा, की रयतेला टिकविण्याच्या त्या मूळ कर्तव्याचा? शिरसंगीच्या लिंगराजांनी या प्रश्नाचे उत्तर कायदा होण्याच्या कितीतरी आधी देऊन ठेवले आहे. आणि हे केवळ देसायांपुरते नाही. देशपांडे, कुलकर्णी, पाटील, नाडगौडा ही सारी नावे अशीच कामावरून पडलेली आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या दारी येऊन उभा राहतो.

हे सारे आपल्याला कळते ते कागद राहिले म्हणून. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी रुमाल उलगडून त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग ज्यांनी संपादिले, ते रियासतकार गोविंद सखाराम हेही सरदेसाईच. पदवीचा खरा उपयोग कोणी केला असे मला कोणी विचारले, तर मी या गृहस्थांकडे बोट दाखवीन. आपल्या पूर्वजांच्या हक्कांसाठी नव्हे, तर सर्वांच्या पूर्वजांच्या आठवणीसाठी त्यांनी डोळे झिजविले.

तेव्हा शिष्यजनांना माझी हात जोडून विनंती आहे. ज्यांच्या माळ्यावर, देवघरातील पेटीत किंवा कोनाड्यात मोडी कागदांची गाठोडी पडली असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. कसर आणि ओल यांपासून जपावीत आणि मोडी जाणणाऱ्याकडून वाचवून घ्यावीत. वाचून निघेल ते, आपल्या घराण्याला भूषणावह असो वा नसो, तसेच लिहून ठेवावे. वंशावळ लिहिताना आईचे, आजीचे आणि त्यांच्या माहेरचे नाव गाळू नये. चन्नम्मा राणींचे माहेर कोणी लिहिले नसते, तर काकतीला आज कोणी ओळखले असते? दत्तकाला दत्तक म्हणून लिहावे. त्यात उणेपणा नाही, हे लिंगराजांनी दाखविले आहे. आणि केवळ आडनाव जुळले म्हणून मोठ्या माणसाला आपल्या वंशात ओढून आणू नये. त्यांच्या रक्ताशी नाते जोडण्यापेक्षा त्यांच्या कामाशी जोडावे. ते नाते कोणत्याही कचेरीत नाकारले जात नाही आणि त्याला सनद लागत नाही.