स्वावलंबनाची शाळा
कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकाच पंगतीत जेवत. दळणे, स्वयंपाक, झाडलोट, शेतकाम ही कामे मुलेच करत. त्या काळात एकत्र जेवण ही साधी गोष्ट नव्हती. समतेचा धडा पुस्तकाआधी ताटावरच मिळे. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथे ठरल्या वेळी काम केल्याने मुलांच्या अभ्यासालाही शिस्त लागे. घरकाम हा अभ्यासातील अडथळा मानणाऱ्या आजच्या पालकांनी मुलांकडे रोजचे एक तरी काम सोपवावे.