मोरीतला वारा

आज कोड नाही, करिअर नाही. आज मोरी. हसू नका, या मोरीमुळे माझी आजी एका पहाटे डोकं धरून बसली होती, आणि चूक माझी होती.

आमचं गाव पाली, राजगडाच्या पायथ्याचं. ट्रेकवाल्यांना पाली दरवाजा माहीत असतो, तो आमच्याच बाजूचा. डिसेंबर-जानेवारीत रात्री डोंगरावरची हवा गार होते, जड होते आणि उतारावरून खाली गावात येते. आमची मागची खोली स्लॅबची. तिच्या कोपऱ्यात मोरी, आणि मोरीचा तीन इंची पाइप भिंतीतून सरळ बाहेर, केळीच्या आळ्यात. मधे काहीच नाही. म्हणजे भिंतीला भोकच की! आजी त्याच खोलीत झोपते. पुण्याला चल म्हटलं की म्हणते, "तिथं काय भिंतीकडं बघत बसू?"

तिचे गुडघे रात्री आखडायचे. एका शनिवारी मी मोरीपाशी उदबत्ती धरली. धूर सरळ वर न जाता खोलीत आडवा झाला. कारण साधं आहे. खोलीतली उबदार हवा वरच्या झरोक्यातून बाहेर जाते, तिची जागा घ्यायला खालून गार हवा आत ओढली जाते. त्यात बाहेर वारा असेल तर विचारूच नका.

मग मी इंजिनियरला शोभेल असा शहाणपणा केला. पाइपात फोमचा बोळा कोंबला, झरोक्याला पुठ्ठा लावला, दाराखाली पोतं सारलं. आजी म्हणाली, "आरं, भोक बुजवलं तर पानी कुठनं जाईल?" म्हटलं, रात्रीपुरतं आहे, सकाळी काढू. खोली खरंच उबदार झाली. पण आजीने नेहमीसारखी निखाऱ्यांची शेगडी उशाशी ठेवली होती, आणि ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

पहाटे तिला उलटी झाली. डोकं ठणकत होतं, बोलणं जड. दार उघडून तिला ओट्यावर आणलं आणि तसंच गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं. वेळेत बाहेर काढली म्हणून बरं, असं ते म्हणाले. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. इतके दिवस ज्या फटींना मी शिव्या घालत होतो, त्याच त्याला बाहेर काढत होत्या. त्या सगळ्या मी एका संध्याकाळी बंद केल्या. हे सांगायला लाज वाटते, पण तुमच्यापैकी कुणीतरी या थंडीत हेच करणार असेल, म्हणून सांगतोय.

तर मग वारा अडवायचा कसा? पाणी जाऊ दे, हवा नको. याचं उत्तर जुनं आहे. १७७५ साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाच्या पाइपाला इंग्रजी एससारखा बाक देऊन पेटंट घेतलं. बाकात पाणी साठून राहतं आणि तेच झाकण होतं. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'नहाणी ट्रॅप' मागा. हो, नहाणी म्हणजे आपली न्हाणीच. देशभरचे प्लंबर हा शब्द वापरतात, मला फार भारी वाटलं.

ट्रॅपमधे साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं राहतं. मी हिशोब केला: ताशी ४० किलोमीटरचा वारा थेट तोंडावर आला तरी पाण्याला सात-आठ मिलिमीटरच ढकलू शकतो. म्हणजे भरपूर झालं. गवंड्याने मोरीची फरशी उचलली, ट्रॅप बसवला, उतार पुन्हा दिला. आमचं जोतं दोन फूट उंच, म्हणून फरशीखाली जागा मिळाली. जाळी काढून गाळ साफ करता आला पाहिजे, हे गवंड्याला आधीच सांगा. नाहीतर भांड्यांची राख आणि शितं अडकून महिन्याभरात मोरी तुंबते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. घर बंद राहिलं की ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि भोक पुन्हा मोकळं. ही चेष्टा नाही. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सचे तीनशेहून जास्त रुग्ण झाले. तपासात बाथरूमच्या जमिनीवरचे सुकलेले ट्रॅप हे एक मोठं कारण निघालं: लोक फरशी धूत नव्हते, पुसत होते, आणि एक्झॉस्ट पंखा ड्रेनेजची हवा आत ओढत होता. म्हणून गावचं घर बंद करताना मोरीत तांब्याभर पाणी आणि वरून चमचाभर खायचं तेल. तेलाचा थर पाणी उडू देत नाही.

झरोका आता उघडाच असतो. शेगडी झोपायच्या आधी बाहेर. त्यावरून आमचं अजून भांडण होतं, कारण आजीच्या मते शेगडीचा काही दोष नव्हता, "तुझ्या पुठ्ठ्याचा व्हता." परवा उदबत्ती पुन्हा धरली, धूर सरळ वर गेला. आजी मात्र रोज रात्री मोरीत तांब्या ओतते. गरज नाही म्हणून सांगितलं, ऐकत नाही.

आता शेजारच्या काकूंनाही तसाच ट्रॅप हवाय. त्यांच्या घराला जोतं जेमतेम चार बोटं, फरशीखाली जागाच नाही. मोरीचा ओटाच उचलावा लागेल बहुतेक. पुढच्या शनिवारी टेप घेऊन जातोय.