एक प्रेत अधिक

इ. स. ११३८ च्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडचा राजा स्टीफन याने वेल्सच्या सीमेनजीकचा श्रूजबरीचा किल्ला जिंकला आणि हाती लागलेल्या शिबंदीपैकी नव्वदाहून अधिक लोकांना फासावर लटकाविले. त्या काळचा इतिवृत्तकार ऑर्डरिक व्हिटॅलिस याने ही घटना नमूद करून ठेवली आहे. त्या मृतांविषयी इतिहास याहून फारसे बोलत नाही. एडिथ पार्जेटर या लेखिकेची कथा मात्र नेमकी येथेच सुरू होते.

'एलिस पीटर्स' या टोपणनावाने त्यांनी लिहिलेली 'वन कॉर्प्स टू मेनी' ही कादंबरी १९७९ साली प्रसिद्ध झाली. तीत श्रूजबरीच्या मठातील कॅडफेल नावाचा साधू या प्रेतांना मूठमाती देण्यास पुढे होतो. फाशी दिलेले ९४. प्रेते भरतात ९५! कोणा खुन्याने आपले पाप राजाज्ञेखाली दडविले आहे. जेथे ९४ जणांचा जाब विचारणारा कोणी नाही, तेथे एकासाठी एवढा खटाटोप कशाला, असे श्रोत्यांस वाटेल. पण ते ९४ इतिहासाचे आहेत. त्यांपैकी एकालाही वाचविणे लेखिकेच्या हाती नाही. तिचा अधिकार चालतो तो त्या एका आगंतुक प्रेतावर. आणि त्याच्यापाशी पोहोचायचे, तर वाचकाला उरलेल्या सर्वांच्या चेहऱ्यांकडे पाहतच जावे लागते. रहस्यकथेची ही युक्ती मोठी धूर्त खरी!

पार्जेटरबाई १९१३ साली श्रॉपशर परगण्यातच जन्मल्या. विद्यापीठाची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. शाळा सुटल्यावर डॉली या गावी एका औषधविक्रेत्याच्या दुकानात त्यांनी कित्येक वर्षे काम केले. कॅडफेलच्या वनौषधींच्या बागेचे मूळ बहुधा त्या दुकानात सापडावे. 'मंक्स-हूड' या कादंबरीत बचनागाच्या कुळातील वनस्पतीचे, सांधेदुखीवर चोळण्यासाठी त्यानेच केलेले तेल कोणीतरी अन्नात कालविते. औषध देणाऱ्यालाच विषाची खरी धास्ती असते, हे अशा दुकानात बसल्यावाचून इतके नेमके उमगत नाही.

पहिली कादंबरी १९३६ सालची. कॅडफेल अवतरला तो १९७७ साली, बाईंनी साठी ओलांडल्यावर. मधल्या चाळीस वर्षांत युद्धकाळातील नौदलसेवा, चेक साहित्याची भाषांतरे आणि भारताच्या पार्श्वभूमीवरील दोन रहस्यकादंबऱ्याही येऊन गेल्या. पुढे १९९४ पर्यंत कॅडफेलच्या वीस कादंबऱ्या झाल्या. त्यांत काळ सरकतो तो जेमतेम आठ वर्षे, ११३७ ते ११४५. १९९५ साली बाई निवर्तल्या.

मठाचे देऊळ श्रूजबरीत आजही उभे आहे. पुस्तक हाती घेऊन आलेले वाचक तेथे कॅडफेलची बाग शोधतात. पण मठाच्या आवारातून एकोणिसाव्या शतकातच हमरस्ता काढण्यात आला. त्यावरून आता मोटारी धावतात.